लोंबीवर कबुतराला बसता येत नाही

नोटीस पहिल्यांदा वाचली तेव्हा मी जिन्यातच उभी राहून मोठ्याने म्हणाले, हे चालणार नाही. ऐकायला कोणी नव्हतं. ‘सोसायटीच्या आवारात कोणत्याही पक्ष्यास दाणे, भात, पोळी अथवा अन्य खाद्यपदार्थ घालण्यास सक्त मनाई आहे.’ खाली शिक्का, सेक्रेटरींची सही. कोणत्याही पक्ष्यास. डोंबिवलीत फुटपाथवर गाडी लावायला मनाई नाही, गटार उघडं ठेवायला मनाई नाही, रस्ता खोदून तसाच सोडून द्यायला तर मुळीच नाही. चिमणीला तांदूळ घालायला मात्र आहे.

आणि वेळ बघा. नोटीस लागली सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे पंधरवडाभर अख्खी बिल्डिंग गच्चीवर पानं वाढून, हात जोडून, कावळ्यांच्या विनवण्या करत होती. तेव्हा ते खाद्यपदार्थ नव्हते. सगळ्यांचे कावळे जेवून झाले आणि मग नियम आठवला.

मी पत्रकं लिहिते. कॉलेजपासून आमचा एक छोटा गट आहे. खड्डे, पाणी, रातोरात तोडलेली झाडं, ज्यावर लोक नुसते चरफडतात त्यावर आम्ही छापून वाटतो. स्टेशनबाहेर उभं राहून वाटलेलं पत्रक चार पावलांवर जमिनीवर पडलेलं बघायचं, हे शिक्षण मी पूर्ण केलंय. त्यातून एवढं कळतं की पहिल्या ओळीत जाळ पाहिजे, नाहीतर माणूस दुसरीपर्यंत येत नाही.

नोटिशीत नाव नव्हतं, पण ती कोणासाठी आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तळमजल्यावरच्या काकू. पोस्टातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहतात. बिल्डिंग आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये एक लांबट पट्टा आहे. एक शेवगा, एक माजलेली जास्वंद, एक गळका नळ आणि पावसाळ्यानंतर गुडघाभर गवत. काकूंच्या स्वयंपाकघराचं मागचं दार तिथे उघडतं. त्या दारात खुर्ची टाकून त्या बसतात आणि पक्ष्यांना घालतात. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसरं उन्हाळ्यात करायचं असं डॉक्टरांनी सांगितलेलं. त्यामुळे हा हिवाळा त्यांना कुठेही जाता येणार नव्हतं. ना बागेत, ना देवळात, ना बहिणीकडे ठाण्याला. होतं ते मागचं दार, आणि त्या दारात काही यायलाच बंदी.

पत्रक तासाभरात तयार झालं. मथळा, ‘पक्ष्यांच्या तोंडचा घास काढणारे कोण?’ ते घेऊन मी काकूंच्या मागच्या दारी पोचले आणि तोंड उघडणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, “बस तिथे पायरीवर. आणि हलू नकोस.”

नळावर एक काळापांढरा पक्षी बसला होता, शेपूट अशी ताठ वर, कोणीतरी भांडायला उभं राहावं तशी. “दयाळ,” काकू ओठ न हलवता म्हणाल्या. “हा मालक आहे इथला. पण तू त्याच्याकडे बघू नकोस, खाली बघ, पाण्यात.”

खाली, नळाच्या गळतीने झालेल्या डबक्याच्या काठावर एक बारीकसा राखाडी जीव तुरुतुरु चालत होता. दोन पावलं चालला की शेपूट वरखाली, वरखाली. पोटाखाली पिवळा. मी चोवीस वर्षं या बिल्डिंगमध्ये राहतेय, हा प्राणी मी कधी पाहिला नव्हता.

“धोबी,” काकू म्हणाल्या. “कपडे आपटतो बघ. थंडीचा पाहुणा आहे. पार हिमालयाकडून येतो म्हणतात.”

“हिमालयातून? आपल्या नळावर?”

“गळतो ना तो. सेक्रेटरींना बोलू नकोस हं, लगेच दुरुस्त करतील.”

माझ्या अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत. एवढासा जीव, माझ्या मुठीत मावेल, आणि तो डोंगर, नद्या, सगळे हायवे ओलांडून येऊन आमच्या गळक्या नळाखाली शेपूट हलवतोय. मी सगळ्या जगाला ओरडून सांगायला तयार होते, पण हलायचं नव्हतं.

तो उडाल्यावर काकूंनी चष्मा लावून पत्रक वाचलं. सावकाश, पोस्टातल्या माणसासारखं, पुढून आणि मागून.

“छान आहे,” त्या म्हणाल्या. “हुकूमशाही तीनदा आलंय. पक्षी एकदाच, तोही मथळ्यात.”

मी पत्रकाची घडी घालून ते पर्समध्ये कोंबलं.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी पायरीवर. ऑफिसला जायच्या आधी चहाचा कप घेऊन तिथे. बुलबुल जोडीने येतात आणि सतत कुरबुरत खातात, लग्नाला तीस वर्षं झाल्यासारखे. शिंपी दिसत नाही, ऐकू येतो, एवढ्याशा घशातून इतका आवाज काढतो की वाटावं आमच्या गटात घ्यावा. चिमण्या चार-पाच, त्याही घाबरत घाबरत. आणि मग, दाणे पडल्यावर दोन मिनिटांत, वरच्या पत्र्यावरून धप्प, धप्प, धप्प.

कबुतरं.

इथे मला एक मान्य करावं लागलं, आणि मला मान्य करायला आवडत नाही. नोटीस आंधळी होती, पण तक्रार खरी होती. काकू नोटिशीनंतरही मूठभर तांदूळ चिमण्यांसाठी घालायच्या आणि त्यातला एक दाणाही चिमणीला मिळायचा नाही. कबुतरं खायची आणि मग वर पहिल्या मजल्याच्या ग्रिलवर बसून घाण करायची. त्या घरातल्या वहिनी एकदा वरूनच म्हणाल्या, “तुझी पत्रकं छान असतात गं, मी वाचते. पण माझे कपडे दोनदा धुवावे लागतात त्यावर पण एक लिही ना. आणि सासूबाईंचा दमा तुझं पत्रक वाचून थांबत नाही.”

आता हिच्यावर काय आग पाखडणार? ती बरोबर होती. मला चुकीची माणसं आवडतात, त्यांच्याशी भांडणं सोपं जातं.

म्हणून प्रश्न साधा झाला. चिमण्यांना मिळेल आणि कबुतरांना मिळणार नाही असं खाणं कसं घालायचं? ते जमलं तर सोसायटीच्या सभेत काकूंची बाजू उभी राहील. नाही जमलं तर दार बंद.

आम्ही दुधाचा क्रेट उलटा घातला, त्याखाली ताटली. चिमणी भोकातून आत जाईल, कबूतर बाहेर राहील. कबुतरं क्रेटवर चढून बसली, सगळी, जणू त्यांच्यासाठीच स्टेज बांधलाय. चिमण्या भिंतीवरून बघत राहिल्या. मग मी करवंटीला तीन भोकं पाडून सुतळीने शेवग्याला टांगली. एक कबूतर आलं, करवंटीच्या काठावर बसलं, करवंटी कलंडली, सगळे दाणे खाली आणि खाली त्याचं खानदान जेवायला हजर. काकू इतक्या हसल्या की त्यांना गुडघा दुखायला लागला. “अगं, तू त्यांना पंगत वाढलीस.”

दसरा झाला. सेक्रेटरीकाका गावाहून परतले, तळकोकणातून. दरवर्षी जातात. त्यांच्याकडे काकूंच्या बाजूने सह्यांचा अर्ज द्यायला मी दुसऱ्या मजल्यावर गेले. अर्जावर सह्या फार नव्हत्या, पण ते सोडा. जिन्याचं शेवटचं वळण घेतलं आणि थबकले.

सेक्रेटरींच्या दारावर ‘नवं’ बांधलेलं होतं. कोकणातले लोक बांधतात ते. नव्या पिकाचं पहिलं धान्य दारावर: आंब्याच्या पानांत भाताच्या लोंब्या, मधे झेंडू, सगळं सुतळीने गुंडाळून चौकटीला लटकवलेलं. आणि त्या लोंबीला उलटी लटकून, पायांनी घट्ट धरून, एक चिमणी दाणा सोलत होती. टर्र करून तूस उडवायची, पुढचा दाणा. खाली लादीवर तुसांचा सडा. ज्या माणसाने सही केली होती, ‘कोणत्याही पक्ष्यास’, त्याच्याच दारात.

मी फोटो काढला. अर्ज न देताच धावत खाली.

“काकू, सापडला,” मी म्हणाले. “मथळा पण तयार आहे. ‘सेक्रेटरींच्या दारी मेजवानी, आमच्या दारी मनाई.’ उद्या सकाळी प्रत्येक दाराखाली.”

काकूंनी फोन हातात घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा केला. मला वाटलं त्या चिमणी बघतायत.

“ही कुठे बसलीये?” त्यांनी विचारलं.

“लोंबीला लटकलीये. उलटी.”

“हं. आणि हे दार रोज उघडं पॅसेजमध्ये. पॅसेजच्या खिडकीत कबुतरं असतात ना? रोज?”

“ढिगाने.”

“मग त्यांनी का नाही खाल्लं?”

मी फोटो परत पाहिला. लोंबी बारीक, खाली झुकलेली, वाऱ्यावर हलणारी. कबुतराला बसायला काठ लागतो, फळी लागते, करवंटी लागते. लोंबीला लटकायला कबुतराचे पाय नाहीत, आणि त्याचं वजन ती दांडी घेणार नाही. तिथे फक्त हलक्या माणसांचं काम.

“पत्रक राहू दे,” काकू म्हणाल्या. “लोंब्या आण.”

एवढं चांगलं पत्रक आयुष्यात पहिल्यांदा हातात आलेलं आणि ते राहू दे. मी चिडले. घरी जाऊन पुन्हा चिडले. मग लोंब्या कुठे मिळतील ते शोधायला लागले, कारण चिडण्यापेक्षा ते जास्त भारी वाटत होतं.

रविवारी स्कूटी काढली. कल्याण, शहाडचा पूल, मोहने, आणि आंबिवलीच्या पुढे जिथे टॉवरच्या जाहिराती संपत नाहीत पण टॉवर जरा विरळ होतात, तिथे अजून भाताची खाचरं आहेत. कापणी चालू होती. वास असा की मी हेल्मेट काढून नुसती उभी राहिले. एका बाईंकडे दोन पेंढ्या मागितल्या, लोंब्यांसकट, न झोडलेल्या.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “कनाला गो पायजे तुला? गुरा हान का घरान?”

“गुरं नाहीत, चिमण्या आहेत,” मी म्हणाले.

त्या शेजारणीकडे बघून हसल्या, पण पेंढ्या मोठ्या बघून दिल्या. परत येताना मागच्या सीटवर भात बांधलेला, सिग्नलला रिक्षावाला विचारतो, “मॅडम, लग्न आहे का घरात?” मी म्हटलं हो.

मी दोन्ही पेंढ्या एकत्र करकचून बांधल्या आणि शेवग्याला लटकवल्या. तासाभरात एक कबूतर आलं आणि त्या जाड गठ्ठ्यावर आरामात बसलं, सोफ्यावर बसावं तसं. मी खालून चप्पल उगारली. वरून आवाज आला.

“गो, ह्या काय? केरसुणी बांधलंस?”

सेक्रेटरीकाका. दुसऱ्या मजल्याच्या मागच्या खिडकीतून किती वेळ बघत होते कोण जाणे. नोटिशीतली त्यांची भाषा वेगळी असते. मालवणी बाहेर पडली की ते सेक्रेटरी नसतात. पाच मिनिटांत ते खाली, लुंगीवर शर्ट चढवून.

“काका, हे आवारात खाद्यपदार्थ घालणं आहे,” मी म्हणाले. मला राहवलं नाही.

“नोटीस आहे ती आहेच,” ते म्हणाले आणि माझ्या हातातली सुतळी घेतली. “पण असं भात बांधलेलं मी बघू शकत नाही.”

त्यांनी गठ्ठा सोडला. सात-आठ लोंब्यांच्या बारीक जुड्या केल्या, शेंडा खाली, दांडा वर, दोन जुड्यांत हातभर अंतर. शेवग्यावरून काढून त्यांनी त्या जास्वंदीवरून गेलेल्या कपडे वाळवायच्या जुन्या तारेला टांगल्या. “दाणा पडला तर झुडपात पडेल. झुडपात कबूतर घुसत नाही, त्याला पंख पसरायला जागा लागते.” मग दारात बसलेल्या काकूंकडे न बघता म्हणाले, “आमच्या आईच्या ओटीवर असायच्या अशा. वर्षभर.”

“चहा घेता?” काकूंनी विचारलं.

“नको. मी नोटिशीवर सही केलीये.”

“चहावर बंदी लिहिली नव्हती,” काकू म्हणाल्या. ते बसले.

पुढचे काही दिवस काहीच आलं नाही. लोंब्या नुसत्या हलत होत्या. मी पायरीवर बसून रागावत होते, कोणावर ते ठरत नव्हतं. दिवाळीत फटाक्यांनी तर दयाळही गायब झाला. आणि मग भाऊबीजेनंतर एका सकाळी, धुरकट उजेडात, चिमणी. एकच. आधी भिंतीवर, मग जास्वंदीवर, मग उडी मारून लोंबीवर, आणि लोंबी झुकली, चिमणी उलटी झाली, पण पाय सुटले नाहीत. टर्र. तूस उडालं. काकूंनी माझं मनगट धरलं. पोस्टात शिक्के मारलेला हात आहे तो, अजून लाल खूण पडते.

चिमण्यांच्या मागून त्या आल्या. मी त्यांना आधी चिमणीचीच पोरं समजले. मग एक उजेडात वळली आणि तिच्या छातीवर माशाच्या खवल्यासारखी नक्षी, तपकिरी पांढरी, कोणीतरी बारीक ब्रशने एकेक काढलेली. मुनिया. ठिपकेवाली मुनिया. एक नाही, एका जुडीला तीन, दुसरीला चार, आणि भिंतीवर रांगेत पुढची बॅच. एकमेकींना ढकलत, सरकत, चोचीत दाणा फिरवत. अख्खी जास्वंद हलत होती. ज्या पट्ट्यात मी लहानपणी फक्त बॉल आणायला जायचे, तिथे हे चाललेलं. मला ओरडायचं होतं, नाचायचं होतं, माइक हातात घ्यायचा होता. मी तोंडात ओढणी कोंबून बसले.

सभा झाली तुळशीच्या लग्नानंतर, खाली पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. आधी पाण्याची टाकी, मग लिफ्टचं स्वप्न, मग पक्षी. मी उठून बोलणार होते. मुद्दे काढून ठेवले होते. पण तिसऱ्या मजल्यावरचे एक काका माझ्या आधीच म्हणाले, “बाकी जाऊ दे, सेक्रेटरींच्या दारावर रोज चिमण्या जेवतात त्याचं काय? मी येता-जाता बघतो. त्यांना वेगळा कायदा आहे का?”

लोक हसले. सेक्रेटरीकाकांचे कान लाल झाले. “ते देवाचं आहे,” ते म्हणाले.

माझ्या फोनमध्ये फोटो होता. पुरावा, तारखेसकट. एक महिन्यापूर्वी मी तो खुर्चीवर चढून दाखवला असता. मी फोन मांडीखाली ठेवला आणि म्हणाले, “त्यांच्या दारावर चिमण्या जेवतात, कबुतरं नाही. त्यांनीच आम्हाला बांधायला शिकवलं. मागे या आणि बघा.”

“मग माझंही देवाचंच समजा,” काकू खुर्चीतून म्हणाल्या.

पण निकाल सेक्रेटरींच्या हातात नव्हता, आणि हसणाऱ्यांच्याही नव्हता. सगळे पहिल्या मजल्याच्या वहिनींकडे बघायला लागले. कपडे त्यांचे, सासू त्यांची.

“मला चिमण्यांचं काही नाही,” त्या म्हणाल्या. “जमिनीवर दाणा नाही, ताटली नाही. फक्त ते टांगलेलं. मार्गशीर्ष संपेपर्यंत मी बघते. कबूतर तिथे खाताना दिसलं तर मी स्वतः कात्री घेऊन खाली येणार, आणि मग कोणी मला पत्रक द्यायचं नाही.” शेवटचं माझ्याकडे बघून.

तो महिना मी कसा काढला ते विचारू नका. आंबिवलीला आणखी एक फेरी झाली. काकू रोज सकाळी काठी टेकत येऊन जास्वंदीभोवतीचं तूस झाडायच्या, मी केर काढते म्हटलं तरी ऐकायच्या नाहीत. सेक्रेटरीकाका ऑफिसला जाताना मागून चक्कर मारून जायला लागले, सुतळी तपासायला म्हणे. थंडी पडली, डोंबिवलीत पडते तेवढी, शालीपुरती. आणि मुनिया येत राहिल्या.

मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी सकाळी वहिनी खाली आल्या. पूजा मांडायची होती, घाईत होत्या. “चला, बघू द्या,” म्हणून दारात उभ्या राहिल्या, हात बांधून. आत चहा उकळत होता, काकूंनी गॅस बंद केला. चिमण्या लोंब्यांवर होत्या. आणि वरच्या पत्र्यावरून, धप्प, कबूतर.

ते तारेवर बसलं. मान पुढे, मान मागे. लोंबी त्याच्यापासून वीतभर खाली. त्याने मान वाकवली, पोचली नाही. पुन्हा वाकवली. मग त्याने सरळ उडी घेतली लोंबीवर, पंख फडफडवत, आणि लोंबी सरळ खाली वाकली, पाय निसटले, ते जास्वंदीवर आदळलं, फांद्यांत एक धांदल झाली आणि ते फडफडत कंपाउंडच्या पलीकडे गेलं. चिमण्या भिंतीवर पळाल्या होत्या, त्यांतली एक लगेच परत आली आणि जिथून सोडलं होतं तिथून खायला लागली.

वहिनी बराच वेळ बघत राहिल्या. त्यांना उशीर होत होता, तरी.

“ती छातीवर ठिपके असलेली कधी येते?” त्यांनी विचारलं.

“ऊन भिंतीवर आलं की,” काकू म्हणाल्या. “थांबतेस?”

“सासूबाईंना घेऊन येते. वर बसून कंटाळतात.” आणि जाता जाता मला, “नोटीस बदलायला लाव त्यांना. तूच लिही. तुला लिहिता येतं, पण थोडक्यात लिही.”

मी लिहिली. तीन ओळींची, पहिली जुन्या नोटिशीतलीच. त्यात एकदाही हुकूमशाही नाही. सेक्रेटरीकाकांनी वाचून ‘कोणत्याही पक्ष्यास’ स्वतःच्या पेनने खोडलं, ‘कबुतरांस’ केलं, आणि खाली एक वाक्य वाढवलं: लोंब्या बारीक जुड्यांत बांधाव्यात, केरसुणीसारख्या बांधू नयेत. त्यावर शिक्का मारला. काकू खुर्ची दारात आणखी पुढे ओढून बसल्या होत्या, कारण आता तिथे दुसरी खुर्ची ठेवायची होती.